जानेवारीची पेरणी

१

दूर उत्तरेकडच्या आमच्या हेर्नोसांद गावात पंधरा मार्चच्या आधी कुणी फुलांचं बी पेरत नाही. आधी पेरलं तर खिडकीत उजेड नसतो. रोपं उजेड शोधत दोऱ्यासारखी लांबत जातात आणि मान टाकतात. फारच घाई असेल तर वर खास दिवा टांगायचा आणि तो रोज चौदा तास चालू ठेवायचा. हे मला बेरित मावशीनं सांगितलं. वाचनालयातल्या बियाणे मंडळाच्या गुनब्रित बाईंनी सांगितलं. मंडळातले एवाल्द म्हणून एक निवृत्त बस-ड्रायव्हर आहेत, त्यांनी तर दुधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्याला तळाशी भोकं कशी पाडायची हेसुद्धा माझा हात धरून दाखवलं. मी तेवीस वर्षांची आहे.

म्हणून मी अकरा जानेवारीला पेरलं. दिव्याविना, उत्तरेच्या खिडक्यांत.

त्याआधी मला फुलांचं काही वेड नव्हतं. आईलाही नव्हतं. आमच्या घरात एक प्लॅस्टिकचं ऑर्किड होतं, ते ती फडक्यानं पुसायची. वाचनालयात मी तिचं एक पुस्तक परत करायला गेले होते. तिथं काउंटरशेजारी बियांचा खण आहे. हवं ते पाकीट फुकट न्यायचं, आणि शरद ऋतूत आपल्या झाडांचं बी आणून परत ठेवायचं. खण उघडा होता आणि माझ्या हातांना काही काम नव्हतं. मी कॉसमॉसचं पाकीट उचललं, मग अॅस्टरचं, मग स्वीट पीचं.

आई गेल्याला अकरा महिने झाले होते. ती गेली तेव्हा मी चार तासांच्या अंतरावर भूमापनाची परीक्षा देत होते. पेपर चांगला गेला. नंतर मी घरी आले, कॉलेजातून वर्षाची सुट्टी घेतली, आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. रडले नाही. रडण्यासारखं काही वाटत नव्हतं. कुठलंच काही वाटत नव्हतं. जेवण पुठ्ठ्यासारखं लागायचं आणि मी ते संपवायची.

आठव्या दिवशी पहिल्या डब्यात मातीला चीर गेली आणि एक वाकलेला हिरवा कोंब वर आला. मी त्याच्याकडे पाऊण तास बघत बसले. हे जगावं, असं मला वाटलं. अकरा महिन्यांत मला हवीशी वाटलेली ती पहिली गोष्ट.

२

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी एक डबा बियाणे मंडळात नेला. कौतुक करून घ्यायला नाही. त्यांची तोंडं बंद करायला.

मंडळ वाचनालयाच्या तळघरात भरतं. कॉफीचा थर्मास, वेलदोड्याचे बन, आणि सत्तरीच्या पुढची सात माणसं. मी डबा टेबलावर ठेवला. गुनब्रित बाईंनी नाकावरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि एका रोपाचा देठ दोन बोटांत धरून पाहिला. देठ जाड होता, बुंध्याशी किंचित लालसर. पानं गडद.

“दिवा कुठला आहे तुझ्याकडे?”

“नाहीये.”

“अगं, कंपनी कुठली ते विचारतेय.”

“दिवाच नाहीये, गुनब्रित बाई. खिडकीत ठेवलाय.”

“कुठल्या खिडकीत?”

“उत्तरेच्या.”

एवाल्दकाका बन खाता खाता थांबले. “मग घरात सूर्य पाळलास की काय? आमच्याकडे पाठव की दोन दिवस. बायकोचे गुडघे दुखतात.”

सगळे हसले. गुनब्रित बाई हसल्या नाहीत. त्यांनी देठ सोडला आणि बोटं रुमालाला पुसली.

“हे बघ, डीसा. मी पन्नास वर्षं पेरतेय. जानेवारीत, या गावात, उत्तरेच्या खिडकीत असं रोप होत नाही. हे जूनमधलं रोप आहे, उघड्यावरचं. दिवा वापरण्यात लाज कसली? खोटं कशाला बोलायचं?”

“तुम्ही पन्नास वर्षं चुकत असाल,” मी म्हणाले.

माझा आवाज चढला होता. आतून राग आला होता की नाही, ते मला कळलं नाही. डबा कोटाच्या आत धरून मी बर्फातून घरी आले. आयुष्यभर एकच तारीख घोकून म्हाताऱ्या झालेल्या बायका, असं काहीतरी पुटपुटत होते. पण जिना चढताना मला त्यांचं म्हणणं नीट ऐकू आलं. बाई खोटं बोलत नव्हत्या. मीही बोलत नव्हते.

३

सकाळी उठलं की मी आधी कॉफी ठेवते. ती होईपर्यंत प्रत्येक डबा अर्धा फिरवते. रोप खिडकीकडे झुकतं. डबा फिरवला की दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि देठ सरळ राहतो. शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं.

त्या रविवारी मी डबा फिरवला, आणि हात तसाच राहिला. रोपं आता खिडकीकडे झुकलेली होती. म्हणजे फिरवण्याआधी ती घराच्या आत झुकलेली होती.

मला वाटलं, काल दोनदा फिरवला असेल. खिडकीच्या काठाला मी पेन्सिलीनं खूण केली. सोमवारी सकाळी खूण जागेवर होती, डबा जागेवर होता, आणि चौदाच्या चौदा रोपांनी काचेकडे पाठ केली होती.

कारणं शोधायला मला वेळ लागत नाही. समोरची भिंत पांढरी आहे, तिच्यावरून उजेड परततो. फ्रिजचं दार. हीटर खिडकीखाली आहे, गरम हवेमुळे झुकत असतील. भिंतीवर मी काळं कापड लावलं. हीटर बंद करून दोन स्वेटर घातले. मंगळवारी सकाळी रोपं आतच झुकलेली होती. फक्त सगळी एकाच दिशेला. बाणासारखी.

मला भीती वाटली असं मी लिहू शकले असते. तसं झालं नाही. मी त्यांना पाणी घातलं. रोपं तरतरीत होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

४

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि माझी खोली, तिन्हींच्या खिडक्या रस्त्याकडे, उत्तरेला. मध्ये अरुंद बोळ. बोळाच्या टोकाला आईची खोली. घरातली एकमेव दक्षिणेची खिडकी तिथं आहे.

मोजणं हे एकच काम मला येतं. मी टेप घेतला, घर मोजलं आणि आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. तिन्ही खिडक्यांत डबे ठेवले होतेच. बुधवारी सकाळी प्रत्येक डब्यातली रोपं कुठं झुकलीत त्याचा कोन घेतला आणि कागदावर तीन रेघा ओढल्या. तीन ठिकाणांहून तीन रेघा सहसा एका बिंदूत मिळत नाहीत, थोडी चूक राहतेच. या मिळाल्या. आईच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी. मध्ये दोन भिंती आणि एक बंद दार होतं.

झुकण्याचा उतारही मी मोजला. उंची आली एक मीटर दहा सेंटिमीटर. पलंगावर कुणी उठून बसलं तर डोकं साधारण तिथं येतं.

“दक्षिण,” मी मोठ्यानं म्हणाले. “दक्षिणेची खिडकी. दाराखालून उजेड येतो.” माझाच आवाज घरात ऐकून मी किती दिवसांत बोलले नव्हते ते लक्षात आलं.

गुरुवारी मावशी आली. ती दर गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि जॅमबरोबर खायची धिरडी घेऊन येते, कारण गुरुवारी तेच खायचं असतं, कारण तिच्या आईच्या घरी तेच खायचे. ती आईची, म्हणजे मोनाची, मोठी बहीण. तिनं खिडक्यांकडे पाहिलं.

“हे काय, जंगल केलंयस घराचं! आणि मोनाची खोली? कधी आवरायची? वर्ष होईल आता.”

“आवरू.”

“आवरू म्हणजे मीच ना? तू काही करायची नाहीस.” तिनं माझ्या ताटात जॅम वाढला. “रडलीस का गं एकदा तरी?”

“मावशी, सूप गार होतंय.”

“मी रडते रोज. आंघोळीत. बरं असतं ते.”

“मग रड. मला कशाला सांगतेस?”

तिनं चमचा उचलला. मला वाईट वाटायला हवं होतं. बोळाच्या टोकाशी काहीतरी करकरलं, पलंगावरून वजन उतरलं की लाकूड करकरतं तसं. मावशीनं मान वळवली.

“थंडीनं होतं,” मी म्हणाले. “जुनी इमारत आहे.”

५

शुक्रवारी अकरा वाजता, बाहेर होता तेवढा उजेड असताना, मी आईच्या खोलीचं दार उघडलं.

खोली रिकामी होती. पलंग, कपाट, खुर्ची. हवा शिळी. खिडकीवरचा गुंडाळीचा पडदा मी वर्षापूर्वी खाली ओढला होता तसाच खाली. शेवटच्या महिन्यांत आईच्या डोळ्यांना उजेड सहन होत नसे, म्हणून मी जाड हिरव्या कापडाचा आणला होता. दक्षिणेचा उजेड दाराखालून येणं शक्य नव्हतं. खोलीत काळोखच होता.

मी दिवा लावला. भिंतीवरच्या कागदाची निळी फुलं राखाडी झाली होती. पलंगावरची लाल गोधडी उशाच्या बाजूला पार फिकी, पायथ्याकडे लाल. कपाटाच्या दाराला आईचा झगा टांगला होता. मी तो बाजूला केला तर त्याच्यामागं लाकूड गडद होतं, नेमकं झग्याच्या आकाराचं, बाहीसकट. बाकीचं दार उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या फळीसारखं पांढुरकं.

उन्हानं विटतं असं. दक्षिणेची खोली आहे. मी पडद्याशी गेले आणि त्याची कड उलटून पाहिली. काचेकडची बाजू हिरवीगार होती, दुकानातून आणली तशी. विटली होती ती आतली बाजू.

मी दिवा बंद केला, बाहेर आले, दार ओढलं. मग नकाशासाठी सकाळचे कोन घेतले. रेघा आता खोलीत मिळत नव्हत्या. बोळात मिळत होत्या, दारापासून दोन पावलांवर. उंची एक मीटर साठ.

रोप वळायला पाच-सहा तास घेतं. म्हणजे रोपं जे दाखवतात ते आत्ताचं नसतं. पहाटे ते बोळात होतं, उभं होतं. आत्ता कुठं होतं ते मला माहीत नव्हतं, आणि मी नुकतीच त्या बोळातून चालत आले होते.

६

मी मावशीकडे राहायला गेले. तिला कारण सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही, नुसती गादी घातली आणि म्हणाली, “तीनच डबे आण हं. माझ्याकडे मांजर आहे.”

तिची खिडकी दक्षिणेची होती. त्या आठवड्यात चार दिवस लख्ख ऊन पडलं. तरीही माझ्या रोपांनी तिथं दोन दिवसांत रंग सोडला. देठ दोऱ्यासारखे लांबले, पांढरे पडले. चौथ्या दिवशी सगळी मातीवर आडवी झाली होती. त्यांची टोकं पूर्वेकडे होती. आमचं घर मावशीच्या घराच्या पूर्वेला आहे.

“बघ, तुला सांगितलं होतं,” मावशी म्हणाली. “पंधरा मार्च. त्याआधी काही खरं नाही. टाक ती, मी तुला झिनियाचं पाकीट आणून देते.”

मी डबे घेऊन न्हाणीघरात गेले. आडव्या पडलेल्या एका रोपाला काडीचा आधार देऊन उभं करत राहिले. ते पुन्हा पडलं. मी दुसरी काडी लावली. आईच्या अंत्यविधीला मी कशासाठीच एवढी धडपडले नव्हते.

मी त्याच दुपारी घरी परतले. मागे ठेवलेल्या डब्यांना चार दिवस पाणी नव्हतं. रोपं माझ्या गुडघ्याएवढी झाली होती. कॉसमॉसला कळ्या आल्या होत्या, फेब्रुवारीत. मी कोन घेतले आणि रेघा ओढल्या. तिन्ही स्वयंपाकघरात मिळाल्या, टेबलाशी, माझ्या रोजच्या खुर्चीच्या मागं.

मी खुर्ची बदलली नाही. कळ्या मोजल्या. एकवीस.

७

पुढचे बारा-तेरा दिवस मी घराबाहेर पडले नाही. पाणी घालायचं, डबे फिरवायचे, कळ्या बघायच्या. कोन घेणं मी थांबवलं. मोजून काय करणार होते? रोपं रोज वाढत होती. मला कळी हातात धरली की छातीत काहीतरी हलायचं, अगदी थोडं, दाढेचं इंजेक्शन उतरताना ओठ हलतो तसं. ते जाऊ नये, एवढाच माझा विचार होता.

गुरुवारी मावशी सूप घेऊन आली, आणि कात्रीही. ती चाळीस वर्षं केशकर्तनालयात होती.

“बस. केसांचा झाडू झालाय.”

मी बसले. तिनं खांद्यांवर टॉवेल टाकला, केस वर उचलले, आणि तिचा हात थांबला.

“कुठं गेली होतीस?”

“कुठंही नाही.”

“डीसा, मला शहाणपण शिकवू नकोस. त्या उन्हाच्या मशीनखाली झोपायला जातेस? की कॅनरी बेटांवर जाऊन आलीस आणि मला सांगितलंही नाहीस?”

“काय झालं?”

“मान बघ तुझी!” तिनं हातआरसा मागं धरला आणि भिंतीवरच्या आरशात मला दाखवलं. माझा चेहरा फेब्रुवारीचा होता, पिठासारखा. मान मात्र तपकिरी, जुलैत समुद्रावर पालथं पडल्यावर होते तशी. कानांच्या पाळ्यांमागं कातडी सोलत होती. गळ्यातल्या साखळीची एक बारीक पांढरी रेघ उरली होती.

“दुखत नाही?” मावशीनं बोट लावलं.

“नाही.”

“अगं, हे भाजलंय! अनेक दिवसांचं आहे हे!” तिनं कात्री खाली ठेवली. तिनं घरभर पाहिलं, मग टेबलावरच्या रोपांकडे. ती सगळी आमच्याकडे झुकलेली होती. आमच्याकडे म्हणजे माझ्या मागं, जिथं मावशी उभी होती तिथं. ती एक पाऊल बाजूला झाली. का झाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. दंड चोळत ती म्हणाली, “हीटर किती वर ठेवलायस? पाठीला झळ लागतेय.”

“हीटर बंद आहे, मावशी.”

ती दुप्पट म्हातारी दिसली त्या क्षणी. मग तिचा नेहमीचा आवाज आला. “उद्या बाराला गाडी घेऊन येते. बॅग भर. माझ्याकडे राहायचं, तुझी कॉलेजची सुट्टी संपेपर्यंत. आणि ही झाडं इथंच राहू दे.”

“ती मरतील.”

“मरू देत! झाडंच आहेत!”

“तुला काही कळत नाही,” मी म्हणाले, आणि आवाज फाटला. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. “मोना गेली तेव्हा एवढं ओरडली असतीस तर,” ती हळू म्हणाली. अर्धे केस कापलेले तसेच ठेवून ती गेली. सूपही न वाढता.

८

शुक्रवारी मी बॅग भरली. दोन जीन्स, स्वेटर, दात घासायचा ब्रश. बाहेर बर्फ पडत होता, बारीक, सरळ, आणि आभाळ इतकं खाली आलं होतं की समोरच्या इमारतीत भर दुपारी दिवे लागले होते. बाराला पाच मिनिटं असताना मी शेवटचं पाणी घालायला स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

पहिली कॉसमॉसची कळी उमलत होती. पाकळ्या अजून चुरगळलेल्या, फिकट गुलाबी, जन्मलेल्या पिल्लाच्या कानांसारख्या. मी वाकले. बाहेरचा उजेड करडा, कशाचीही सावली पडू नये असा. पण खिडकीच्या पांढऱ्या काठावर प्रत्येक रोपाची सावली पडली होती. स्पष्ट, काळी. सगळ्या सावल्या माझ्यापासून दूर, काचेकडे गेल्या होत्या.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग खालच्या दाराची घंटा, लांबलचक, मावशीच्याच बोटाची.

मी सरळ उभी राहिले. काचेवर आणि काचेपलीकडच्या पडत्या बर्फावर माझी सावली पडली. डोकं, एका बाजूचे कापलेले केस, खांदे. तिच्या कडा थरथरत नव्हत्या. माझ्या मानेवर काहीच जाणवत नव्हतं, ऊब नाही, श्वास नाही. फक्त सावली वाढत होती. डोकं खिडकीएवढं झालं. खांदे चौकटीबाहेर गेले. सावली मोठी व्हायला दिवा जवळ यावा लागतो.

वळून बघता आलं असतं. दारही गाठता आलं असतं. ते डावीकडं सहा पावलांवर आहे, मीच मोजलंय. घंटा वाजत राहिली. जिन्यात खालच्या कुणाचं तरी दार उघडलं आणि मावशीचा आवाज वर आला, “डीसा! ए डीसा!”

मी फुलाकडे बघितलं. ते माझ्या सावलीत काळवंडलं होतं. सगळा डबाच सावलीत होता. रोपांच्या माना माझ्या पोटाला टेकल्या होत्या, दोन्ही बाजूंनी वाट शोधत, मला ढकलत.

मी बाजूला सरकले.